चणे भिजत घातले होते

"हे वर्ष कुठं गेलं?" हा प्रश्न ऑफिसात माझ्या नावावर लागलेला आहे म्हणा ना. समोर कुणीही बसो, मी त्याच्या कागदावरून बोट फिरवत खाली येतो. दहावी, बारावी, पदवी, आणि मधे कुठं एखादं वर्ष गळालेलं दिसलं की बोट तिथं थांबतं आणि प्रश्न आपोआप तोंडातून पडतो. मग समोरचा माणूस पंख्याकडे बघतो. आई आजारी होती, गावाला होतो, कॉम्प्युटरचा कोर्स केला, घरात लग्न निघालं. मी मान हलवतो आणि कागद डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवतो. उत्तर काय आलं ते मी खरं तर ऐकतच नाही, कारण उत्तरावर काही अवलंबून नसतं. गळालेलं वर्ष म्हणजे नापास आणि नापास म्हणजे डावा गठ्ठा, एवढा साधा हिशेब. मीरा रोड स्टेशनच्या बाहेर, दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. मॉलला, हॉस्पिटलांना, हॉटेलांना आम्ही माणसं पुरवतो. उजवा गठ्ठा रिसेप्शनला, बिलिंगला जातो आणि बसून काम करतो. डावा गठ्ठा दिवसभर उभा राहतो. माझं नाव मोझेस, आणि हे दोन गठ्ठे लावण्याचा मला पगार मिळतो.

आज सकाळी चांदणी नावाची एक मुलगी आली, नया नगरच्या बाजूची. एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनसाठी आली होती. चपला दाराबाहेर काढून आली, आमच्याकडे कुणी काढत नाही. मी बोट फिरवलं, बोट थांबलं, प्रश्न पडला. तिनं पंख्याकडे बघितलं नाही. "नापास झाले होते, सर," ती म्हणाली. "अकाउंट्स गेला होता. परत बसले, निघाला." बस्स. दहाची बस चुकली, मग सव्वादहाची पकडली, असं कुणी सांगावं तसं. आणि वर मलाच विचारते, "ड्युटी बसून आहे ना, सर?" माझं बोट त्या कागदावरच राहिलं. डावीकडे जाईना, उजवीकडेही जाईना. अकाउंट्स. जगात एवढे विषय आहेत आणि हिचाही तोच जायचा होता. "सर?" ती म्हणाली. मी म्हटलं, "बसा ना, बसा." ती बसलेलीच होती.

"मोझेसभाय, गॅपवाल्यांशी गप्पा मारत बसलात तर आज लंच व्हायचा न्हाय," काचेच्या केबिनमधून कुलदीप म्हणाला. कुलदीप आमचा मालक. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, म्हणून मला भाय म्हणतो, आणि पगार देतो म्हणून मी त्याला शेठ म्हणतो. काशीगावचा आहे. आजोबांची भातशेती होती, तिथं आता सात माळ्यांची बिल्डिंग उभी आहे आणि खालच्या सगळ्या दुकानांवर ह्यांचं नाव. तो स्वतः दहावी नापास. लपवत नाही, उलट लग्नाकार्यात मांडी ठोकून सांगतो, "आपण दहावी फेल, आन बीकॉमवाले आपल्याकडं लायनीत हुभे." लोक हसतात, मीही हसतो. आजपर्यंत मला ते खरंच गमतीचं वाटायचं. आज त्या मुलीच्या कागदावर बोट ठेवून बसलो असताना वाटलं, नापास होणं सगळ्यांना सारखं कुठं लागतं. तो पडला तो स्वतःच्या जमिनीवर पडला, उठला, कपडे झाडले. आमच्याकडे होडी होती, ती बाबा गेल्यावर विकली. माझी लेक सिया कशावर पडणार होती?

चांदणीचा कागद मी स्टेपलरखाली ठेवला, मधोमध. दुपारभर कागद येत होते, जात होते, तो तिथंच. आणि मला मात्र डोळ्यांसमोर सारखं एक पातेलं दिसत होतं. आमच्या घरातलं मोठं जर्मनचं पातेलं, काठोकाठ पाणी, त्यात फुगलेले काळे चणे आणि वर तरंगणारं एक सुटलेलं साल. इतकं स्वच्छ दिसत होतं की हात घालून ते साल काढून टाकावं. एखाद्या माणसाला आपल्या लेकीचा निकाल आठवायचा तर तिचा चेहरा आठवेल, फोनचा स्क्रीन आठवेल. मला पातेलं आठवतं.

समुद्रकाठच्या आमच्या तारोडी गावात मे महिना क्रुसांचा. गल्लीगल्लीत क्रूस आहेत, पांढरे, झेंडूच्या माळा घातलेले, आणि मे महिन्यात रोज संध्याकाळी ऊन उतरलं की त्या त्या आळीची माणसं आपल्या क्रुसापाशी जमतात, मेणबत्त्या लावतात, लितानी, म्हणजे संतांच्या नावांची लांब प्रार्थना, सुरात म्हणतात. रोज एका घराची पाळी. ज्या घराची पाळी ते घर कशासाठी प्रार्थना करायची ते आधी सांगतं, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटतं, खोबऱ्याचे तुकडे घालून. कुणाचं गल्फचं काम झालेलं असतं, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या होडीला नवं इंजिन. पाळ्या ईस्टरपासूनच धरून ठेवाव्या लागतात, नाहीतर मिळत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या मायनं, टेरेझानं, पाळी धरली ती सियाच्या बारावीची. निकालाची तारीख तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. मी म्हटलं होतं, "माय, निकाल तर लागू दे." तर म्हणाली, "देवाला उधारीवर ठेवायचा नसतो. पाळी गेली म्हंजी गेली." आणि नेमका त्याच दिवशी निकाल. आदल्या रात्री मायनं चणे भिजत घातले, दुपारी एकला निकाल लागला, संध्याकाळी अख्खी आळी येणार. आता बोला.

मी अर्धा दिवस टाकून घरी आलो होतो. स्वयंपाकघरात सिया ओट्याला टेकून उभी, हातात फोन, आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघणारी ॲलिसन, माझी बायको. बाकीचे विषय चांगले होते. इंग्लिशला तर अगदी छान मार्क. अकाउंट्सला चोवीस. मी फोन हातात घेतला, परत तिला दिला, परत घेतला. फोन गरम झाला होता. माय मागच्या पडवीत झोपली होती, तिचं घोरणं ऐकू येत होतं, बाहेर काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास दुपारच्या उन्हानं आणखी दाट झाला होता, आणि ओट्याखाली ते पातेलं. कुणी रडलं नाही. सियानं पायानं पातेलं जरा आत सरकवलं आणि म्हणाली, "पप्पा, चणे भिजलेत." ॲलिसन म्हणाली, "आता आळीला कुठं सांगत फिरणार? माय झोपलीय." मी म्हणालो, "बघू. उद्या सांगू मायला." झालं. बसून ठरवलं असं काही नाही. तिघं तीन वाक्यं बोललो, आणि ॲलिसननं गॅसवर पातेलं चढवलं. भिजलेले चणे पुन्हा सुकवता येत नाहीत.

संध्याकाळी क्रुसापाशी लॉयडनं नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "टेरेझाबायच्या नातीच्या बारावीच्या यशाबद्दल देवाचे आभार." लॉयड आमच्या आळीत प्रार्थना चालवतो, वर्षानुवर्षं तोच चालवतो. मायनं महिनाभर आधी सांगून ठेवलेलं त्यानं वाचलं, त्याचा काय दोष. सिया कागदाच्या पुड्यांतून चणे वाटत होती. एकेक जण येत होता, पुडी घेत होता, तिच्या डोक्यावर हात ठेवत होता. "कुठं घेणार ॲडमिशन?" कुणीतरी विचारलं. "बोरिवलीला," ती म्हणाली. हसून म्हणाली. नऊवारीतली म्हातारी माय खुर्चीवर ताठ बसून बघत होती, जणू सगळे चणे तिच्याच हातानं जातायत. मी मेणबत्त्यांना वारा लागू नये म्हणून आडोसा करून उभा होतो. त्यामुळं माझ्याशी कुणी फार बोललं नाही.

त्यानंतर फेरपरीक्षेचा फॉर्म. सरकारनं ही फेरपरीक्षा ठेवलीय ती वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच, हे मला नको कळायला? रोज दुसऱ्यांच्या वर्षांवर बोट ठेवतो मी. त्या पावसाळ्यात बसली असती, एका विषयाचा तर प्रश्न, निघाला असता, उशिरानं का होईना कुठंतरी ॲडमिशन झाली असती, आणि कागदावर बोट थांबायला जागाच उरली नसती. पण फॉर्म भरायचा तिच्या भाईंदरच्या कॉलेजात, आणि त्या कॉलेजच्या ऑफिसात कोण, तर लॉयडची सून, ममता. शेकडो निकालांत सियाचा तिच्या नजरेतून सुटला असावा, पण फॉर्म सुटला नसता. तिला कळलं की लॉयडला कळणार, लॉयडला कळलं की क्रुसाला कळणार, आणि मग मायला. ॲलिसन म्हणायची, "आठवडाभर थांबा, मायची शुगर वाढलीय." मी म्हणायचो, "बघू." सिया काहीच म्हणायची नाही. मुदत गेली. फेब्रुवारीत बसू म्हटलं. फेब्रुवारीत मॉलमध्ये सेल लागला आणि तिला सुट्टी मिळाली नाही.

मॉल म्हणजे, मीच लावलं तिला तिथं. बोरिवलीच्या कॉलेजला जाणारी मुलगी सकाळी घरातून निघायला तर हवी. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला बारावी पास लागतं, बँकेच्या कॉल सेंटरला लागतं, साध्या डेटा एंट्रीलासुद्धा लागतं. जिथं लागत नाही अशी जागा मीरा रोडच्या मॉलमध्ये सेंटच्या काउंटरवर होती. मी तिचा कागदच केला नाही. कुलदीपच्या केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं. तो चांगला वागला, खोटं कशाला बोलू. "एकच विषय ना, मोझेसभाय? व्हईल. तवर काउंटरला हुभी करू तिला." उभी करू. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही बापलेक तारोडीहून एकाच बसनं निघतो. तिच्या खांद्याला कॉलेजची बॅग. बॅगेत पाण्याची बाटली, डबा आणि काळा युनिफॉर्म. बसमध्ये कुणीतरी विचारतंच, "काय बाय, लेक्चर लवकर असतंय?" आणि ती सांगते. वर्षभरात तिनं प्रोफेसरांची नावं तयार केली, कँटीनमधल्या सामोशाला नावं ठेवली, एकदा तर मायला कॉलेजच्या गॅदरिंगची सगळी हकीकत सांगितली. माय हसून हसून बेजार. मी भिंतीकडे तोंड करून मोजे काढत होतो. आणि रात्रीच्या जेवणाआधी ॲलिसन टबात कोमट पाणी आणि मूठभर मीठ घालून तिचे पाय त्यात ठेवायला लावते. "कॉलेज लांब आहे," मायला सांगते. लांबच आहे म्हणा.

एकदा दुपारी मी मॉलमध्ये गेलो होतो, तिला न सांगता. खांबाआड उभा राहिलो, आपल्याच मुलीला बघायला माणूस खांबाआड का उभा राहतो कोण जाणे. ती कागदाच्या पट्ट्यांवर सेंट मारून येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे धरत होती. लोक तिच्या तोंडाकडे न बघता पट्टी घेत होते, हुंगत होते, पुढे जाऊन टाकून देत होते. तिच्या वर्गातली एक मुलगी आली, मैत्रिणींबरोबर, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. "तू इथं?" "पार्ट टाइम," सिया म्हणाली. मुलगी म्हणाली, "वा, लकी आहेस." मग सियाला मी दिसलो. घाबरली नाही. पट्टी घेऊन सरळ माझ्यापर्यंत आली आणि वाकून म्हणाली, "सर, ट्राय करणार?" मी पट्टी घेतली. हसलो. संध्याकाळी बसमध्ये माझ्या बोटांना तो गोड, महागडा वास येत होता आणि खिडकीतून सुक्या मासळीचा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत होते. मी बोटं रुमालाला पुसली. हिला नाक मुरडायला, हट्ट करायला, माझ्यावर ओरडायला हक्क होता. तिनं ते केलं असतं तर बरं झालं असतं. ती आपली आमच्यासाठी उभी राहत होती, आणि आम्ही राहू देत होतो.

ह्या वर्षीही मायनं पाळी धरली. तीच तारीख. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, पण ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी लॉयडच्या दारात. "सियाचा पयला वर्स पार पडला, त्याची." म्हणजे खोटं आता वरच्या वर्गात गेलं होतं. खोटं काही नापास होत नाही. आज ती पाळी, आणि उद्या फेरपरीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. काल संध्याकाळी मायनं चणे भिजत घातले तेव्हा मी तिथंच होतो, पातेलं उचलून मीच ओट्याखाली ठेवलं. दुपारभर स्टेपलरखालच्या त्या कागदाकडे बघताना मला माझ्या लहानपणचे चणे आठवत राहिले. मी सातआठ वर्षांचा असेन. वादळात बाबांची होडी कुठंतरी गेली होती, कळायला मार्ग नाही, माय किनाऱ्यावरून घरात येईना. मग एका सकाळी होडी आली. जाळी सगळी तुटून गेलेली, मासळीचं नाव नाही, बाबांच्या हातांना नुसत्या जखमा. त्या मे महिन्यात मायनं पाळी धरली. बाबा भडकले होते, "कशाची चनं? जाली गेली, साल बुडाला." मी त्या संध्याकाळी तीन पुड्या खाल्ल्या एवढं पक्कं आठवतं. माय बाबांना काय म्हणाली ते काही केल्या आठवेना.

निघताना मी चांदणीचा कागद उजव्या गठ्ठ्यात ठेवला, अगदी वर नाही, मधे घालून. सकाळी कुलदीपच्या नजरेला पडला तर तो काढेलही. भाईंदरला बसच्या रांगेत सिया होती, युनिफॉर्म बॅगेत, अंगात कॉलेजचा कुर्ता. बसमध्ये खिडकीची जागा तिला दिली. मुर्धा गेलं, राई गेलं, मिठागरांवर ऊन पसरट झालं होतं. मी म्हटलं, "आज एक मुलगी आली होती. तिचाही अकाउंट्स गेला होता."

"मग?"

"परत बसली. निघाला."

तिला माझे गठ्ठे माहीत आहेत. लहानपणी शनिवारी ऑफिसात येऊन तीच लावायची, खेळ म्हणून. "डावीकडे ठेवलात की उजवीकडे?" तिनं विचारलं.

"उजवीकडे."

"नक्की?"

"मधे घातलाय. पण उजवीकडेच."

तिनं खिडकीची काच सरकवली. मग म्हणाली, "माझा कुठं ठेवला असता?"

"तुझा कागद माझ्याकडे आलाच नाही," मी म्हणालो. आणि हे बोलल्यावर मला स्वतःचीच चीड आली, कारण असली उत्तरं माझ्यासमोर बसणारे लोक देतात. "येईल ना कुणाकडे तरी," ती म्हणाली आणि बॅग मांडीवर घट्ट धरून बसली. तेवढ्यात मी मनाशी पक्कं केलं. आज प्रार्थना होऊ दे, चणे वाटून होऊ देत, माय जेवून झोपू दे. उद्या सकाळी उठल्याबरोबर तिला सांगायचं आणि सियाला घेऊन थेट कॉलेज गाठायचं. पक्कं केल्याबरोबर फार बरं वाटलं. उतरायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की गेल्या वर्षीही मी उद्याच म्हणालो होतो.

क्रुसापाशी आळी जमली होती. बायका चटयांवर, पुरुष मागे उभे, माय प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. ॲलिसन पातेलं घेऊन आली, त्यातून वाफ येत होती. ममता कॉलेजमधून थेट आली होती, खांद्याला पर्स तशीच. मी पुन्हा मेणबत्त्यांना आडोसा करून उभा राहिलो, सवयच ती. लॉयडनं चष्मा चढवला आणि सुरू केलं, "आजची प्रार्थना टेरेझाबायच्या घरची. नात सिया हिचं कॉलेजचं पहिलं वर्ष सुखरूप पार पडलं..."

"थांबा, लॉयड अंकल," सिया म्हणाली. हातातला डाव तिनं पातेल्यात ठेवला. "तसं नाहीये. मी बारावीत नापास आहे. गेल्या वर्षी झाले. मी कॉलेजला जात नाही, मीरा रोडच्या मॉलमध्ये काउंटरवर उभी असते. अकाउंट्स राहिलाय. उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, मी भरतेय."

आवाज मोठा नव्हता, पण थरथरतही नव्हता. सकाळच्या त्या चांदणीसारखाच होता, फक्त शेवटी जरा बसला. मागं कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो घाईघाईनं बंद केला. ॲलिसननं माझ्याकडे बघितलं, मी मायकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ॲलिसन इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. माय डोळे बारीक करून नातीचा चेहरा शोधत होती, मोतीबिंदूमुळं तिला ती कुठं उभी आहे ते नीट दिसत नसावं.

"नापास?" माय म्हणाली. "कवा?"

"गेल्या वर्षी, आजी. चणे घातले त्याच दिवशी."

"मंग सांगायचा ना."

"चणे भिजले होते."

मायनं मांडीवरची काठी हातात घेतली. तिचा जबडा नुसता हलत होता. मग ती माझ्याकडे वळली, सियाकडे नाही. "तू बी? तुला बी कळला न्हाय? तुझ्या बापाची होडी खाली आली, जाली गेली, सगला गेला, तवा मी चनं घातलं का न्हाय? मानूस घरी आला म्हनून घातलं. चनं काय पासालाच घालतात?" आणि तिच्या तोंडून ते निघता निघताच मला आठवलं, हेच, बाबांनाही ती हेच म्हणाली होती, मानूस घरी आला, आणि बाबा गप्प होऊन खाली बसले होते आणि त्यांनी पुडीतले चणे जखमी बोटांनी एकेक करून खाल्ले होते. मी ते बघत तिसरी पुडी मागितली होती. चणे तेवढे लक्षात राहिले, बाकीचं मी विसरलो. मायनं काठी जमिनीवर आपटली. "लॉयड, वाच. पोर नापास झाली आन घरी हाय, म्हनून वाच. आन ती परत बसनार, त्याची बी."

लॉयडनं वाचलं. खणखणीत नाही, पण वाचलं. लितानी झाली, सगळ्यांनी म्हटली, सुरात म्हटली. मग रांग लागली. माणसं पुड्या घेत होती, सियाच्या डोक्यावर हात ठेवत होती, गेल्या वर्षीइतकाच वेळ. एकदोघी पुडी घेऊन लगेच गेल्या, काही न बोलता, तेही दिसलं. उद्या गावभर होईल. होऊ दे. ममता म्हणाली, "अकराला ये, मी आहे. फोटो आण दोन." एवढंच. जिच्या भीतीनं आम्ही एक अख्खं वर्ष खोट्यानं भरून टाकलं, तिनं दोन फोटो मागितले. मला तिथं क्रुसाच्या पायरीवर बसून रडावंसं वाटलं, आनंदानं वगैरे नाही. एवढंसंच होतं ते. आणि एवढ्याशासाठी माझ्या पोरीनं पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत लोकांच्या नाकांपुढे पट्ट्या धरल्या.

गर्दी पांगल्यावर सिया पातेल्याच्या तळातले चणे खरवडून एक पुडी घेऊन माझ्यापाशी आली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. माय तिकडे ॲलिसनला काहीतरी बोल लावत होती, ॲलिसन मान खाली घालून ऐकत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

"पप्पा," सिया म्हणाली, "फॉर्म भरीन. निघेलही ह्या वेळी. पण पुढं कुठं गेले की कुणीतरी बोट ठेवणारच ना? हे वर्ष कुठं गेलं म्हणून. काय सांगू?"

"नापास झाले होते, सांग," मी म्हणालो. "सरळ सांग. त्या मुलीनं सांगितलं तसं."

ती चणा चावत होती. जरा विचार करून म्हणाली, "ते तर एका दिवसाचं झालं, पप्पा. वर्षाचं काय सांगू?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्याइतक्या वेळा कुणी विचारला नसेल. पुडी माझ्या हातात गरम लागत होती. मी पंख्याकडे बघावं तसं वर बघितलं. तिथं नुसतं आभाळ होतं.